टपाल कचेरीचे बारसे

अमेरिकी काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात तीस वर्षे मुरलेल्या प्रतिनिधीच्या कारकिर्दीचा अभ्यास करणाऱ्याने त्याची भाषणे वाचण्याच्या भानगडीत पडू नये. त्याच्या खात्यावर टपाल कचेऱ्यांची किती बारशी जमा आहेत, तेवढे मोजावे. मुदत दोन वर्षांची असल्याने एवढ्या काळात तो पंधरा वेळा निवडून येतो, आणि दर खेपेस विचारल्या जाणाऱ्या ‘काय केले?’ या प्रश्नाला भिंतीवर ठोकता येण्याजोगे उत्तर एवढे एकच असते.

त्या देशात टपाल कचेरीच्या इमारतीला कोणाचे नाव द्यायचे झाल्यास स्वतंत्र कायदा करावा लागतो. त्यासाठी राज्यातील सर्व प्रतिनिधी, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारेसुद्धा, सहप्रायोजक होतात, म्हणजे विधेयकाला आपले नाव जोडतात. मग ‘नियम स्थगित ठेवून’, अर्थात सभागृहातून दुरुस्ती सुचवण्यास मज्जाव करून, जास्तीत जास्त ४० मिनिटांची चर्चा होते, दोनतृतीयांश बहुमत लागते, पुढे सिनेट आणि शेवटी राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी. कायद्याच्या मसुद्यात आणखी एक ठरावीक कलम असते: कोणत्याही कायद्यात, नकाशात, नियमात, दस्तऐवजात किंवा कागदात या इमारतीचा उल्लेख आल्यास तो नव्या नावाचाच समजावा. नकाशासुद्धा सुटत नाही! एवढा खटाटोप झाल्यावर टपालखात्याच्या व्यवहारात कचेरीचे नाव जुनेच राहते, पत्ता बदलत नाही, आणि पाकीट टाकायला आलेल्या माणसाला आतल्या भिंतीवर एक फलक तेवढा दिसतो, तोही रांग लांब असेल तर.

ज्याचे नाव फलकावर येते तो पुष्कळदा रणात पडलेला सैनिक असतो, आणि त्याच्याविषयी आदर असावाच. परंतु त्याच्या हयात साथीदारांच्या पगाराची तरतूद वेळेवर करणे हेही याच सभागृहाचे काम आहे, आणि तिथे मात्र नियम स्थगित ठेवण्याची कोणालाच घाई नसते. विनियोजन विधेयके, म्हणजे सरकारी खात्यांना वर्षाचा खर्च मंजूर करणारी विधेयके, १ ऑक्टोबरपूर्वी संमत व्हावीत अशी व्यवस्था १९७४ च्या कायद्याने लावली. तेव्हापासून ती सगळीच्या सगळी वेळेवर संमत झाली ती अवघ्या चार वर्षी. उरलेल्या वर्षी मुदतवाढीची ठिगळे, आणि ठिगळही न जमल्यास टाळे: २०१८-१९ मध्ये ३५ दिवस, २०२५ मध्ये ४३ दिवस. लाखो कर्मचारी बिनपगारी घरी बसतात किंवा बिनपगारी राबतात, आणि ज्येष्ठ सन्माननीय सदस्यांचे स्वतःचे वेतन मात्र चालूच असते, कारण ते या वार्षिक विधेयकांवर अवलंबून ठेवण्याचा निष्काळजीपणा कोणी केलेला नाही. त्या टाळेबंदीतही टपाल कचेऱ्या उघड्या राहतात, कारण टपालखाते तिकिटे विकून स्वतःच्या कमाईवर चालते आणि प्रतिनिधीकडे नावाखेरीज काही मागत नाही. नावसुद्धा त्याने मागितलेले नसते.