रा. रा. रमेशराव, मुक्काम पोस्ट बुद्धिमत्ता चाचणी, यांस



आपली प्रत्यक्ष भेट नाही, पण ओळख जुनी. शहापूरच्या अभ्यासिकेत बसणारी पोरं तुम्हाला सख्ख्या भावापेक्षा जास्त ओळखतात. तुम्ही रोज घरातून निघून उत्तरेला 5 किलोमीटर चालता, उजवीकडे वळून आणखी 12 किलोमीटर जाता आणि तिथं उभे राहून आम्हालाच विचारता, मी घरापासून किती लांब आलो? कुठं निघाला होतात, कशाला निघाला होतात, वाटेत चहा तरी घेतलात का, काही पत्ता लागू देत नाही. भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून तुम्ही म्हणता, 'ही माझ्या आजोबांच्या एकुलत्या एका मुलाची मुलगी.' सरळ 'माझी बहीण' म्हणायला काय होतं, हे तलाठी भरतीपासून राज्यसेवेपर्यंत कोणालाही कळलेलं नाही.

मी शहापूर-मुरबाडच्या मुलांना अंकगणित आणि बुद्धिमत्ता शिकवतो. म्हणजे तुमच्याच जिवावर माझं बरं चाललंय. तेव्हा ही तक्रार समजू नका. घरच्या माणसाला चार गोष्टी सुनावतात, तसं समजा.

तुमच्या चालण्याचं उत्तर 13 येतं. 5 चा वर्ग, 12 चा वर्ग, बेरजेचं वर्गमूळ, संपलं. पण रमेशराव, ती तेरा किलोमीटरची सरळ रेषा फक्त तुमच्याच गावात असते. मुरबाडहून जुन्नरला सरळ जायचं म्हटलं तर नाणेघाट चढावा लागतो. सातवाहनांच्या काळातले व्यापारी तसेच चढायचे. जकातीचा दगडी रांजण अजून वर आहे. आता एसटी माळशेजने जाते, आणि पावसाळ्यात घाटात दरड उतरली की तीही जात नाही. थोडक्यात, आमच्याकडे काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू एसटीच्या आणि कर्ण पायी.

आगगाडीचं तर विचारूच नका. 130 मीटर लांबीची तुमची गाडी ताशी 72 किलोमीटर वेगानं 270 मीटरचा फलाट ओलांडते. 72 ला 5/18 ने गुणा, सेकंदाला 20 मीटर, एकूण अंतर 400 मीटर, 20 सेकंद. शहापूरची पोरं हे तोंडी करतात, कारण आसनगावच्या फलाटावर कसारा लोकलची वाट बघण्यात त्यांचं अर्धं आयुष्य जातं. मुरबाडच्या पोरांची मात्र पंचाईत. मुरबाडला रेल्वे अजून यायची आहे. कल्याण-मुरबाड मार्ग दर निवडणुकीला येतो आणि मतमोजणी झाली की जातो. म्हणजे गाडीचा वेग शून्य, फलाटाची लांबी शून्य. अंतर भागिले वेग, शून्य भागिले शून्य. गणिताच्या पुस्तकात याला 'निश्चित करता येत नाही' म्हणतात. सरकारी उत्तरही शब्दशः तेच असतं, त्यामुळे मुरबाडकरांचं हे उत्तर चूक द्यायची कोणाची छाती नाही.

एक गणित मात्र आमच्या भागात अगदी तुमच्या पुस्तकासारखं सुटतं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला आणि तो शहापूर तालुका चिरत जातो. घाटाचे नियम क्षणभर बाजूला ठेवून ताशी 120 धरले, तर बरोबर 38 मिनिटं. पूर्ण भाग जातो, बाकी शून्य. बाकी सगळी पुलाखालच्या पाड्यांवर.

वयाच्या गणितात आमची मुलं अडतात, आणि त्याचं कारण बुद्धिमत्ता नाही. तुम्ही म्हणता, आईचं वय मुलीच्या तिप्पट, 12 वर्षांनी दुप्पट होईल. मुलगी x, आई 3x; आज 12 आणि 36. छान. पण आमच्याकडच्या जुन्या पिढीचा वाढदिवस विचारा, निम्म्या गावाचा 1 जून निघेल. नाव घालायला आलेल्या बापाला पोराची तारीख सांगता येईना, तेव्हा गुरुजींनी 1 जून लावून टाकला. सख्खे भाऊ एकाच तारखेचे, आणि वडील शाळेतच गेले नाहीत म्हणून आधारवर 1 जानेवारीचे. एका पोरानं मला विचारलं होतं, 'सर, x कागदावरचा धरायचा का खरा?' मी म्हटलं, कागदावरचा धर, भरतीत तोच चालतो.

आता तुमच्या मजुरांकडे येतो. ते जुनं गणित तुम्हाला आठवत असेल: 3 पुरुष किंवा 4 स्त्रिया एक काम 43 दिवसांत करतात, तर 7 पुरुष आणि 5 स्त्रिया ते किती दिवसांत करतील? 7/3 अधिक 5/4, म्हणजे 43/12, उत्तर 12 दिवस. पिढ्यान् पिढ्या पोरं हे सोडवत आली. कधी तुम्हाला वाटलं नाही का, की एका बाईचं काम पाऊण पुरुषाइतकं हे ठरवलं कोणी? आषाढात मुरबाडच्या कुठल्याही शेतावर या. पुरुष चिखलणी करतात, आणि मग राबातलं रोप उपटायचं, मुठी बांधायच्या, इरलं नाहीतर प्लास्टिकचा कागद पाठीवर घेऊन दिवसभर वाकून भात लावायचं, यात बाया पुढं असतात. संध्याकाळी कंबर धरून बांधावर येतात आणि तिथून चुलीकडे. तुमच्या हिशेबात चूल येत नाही. शिवाय तुमचे मजूर 43 दिवस सलग काम करतात, पाऊस दडी मारत नाही, कोणाला ताप येत नाही, आणि भाताचं काम संपलं की कोणी बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर जात नाही. आमच्या कातकरी वाड्यांवर दिवाळीनंतर मुलांचा पट मोजा. वजाबाकीचा तेवढा चांगला सराव दुसरीकडे मिळायचा नाही.

एवढं बोललो म्हणून गणितावर माझा राग आहे असं समजू नका. उलट सगळ्या पेपरात तुम्हीच त्यातल्या त्यात न्यायी. ल.सा.वि. पुण्याच्या सदाशिव पेठेत जितका येतो तितकाच आमच्या डोळखांबला येतो, त्याला खोलीभाडं लागत नाही. खरा घोळ उताऱ्यांचा. केंद्रीय लोकसेवा आयोगानं पूर्वपरीक्षेत सीसॅट हा बुद्धिमत्ता आणि आकलनाचा पेपर 2011 ला आणला, आपल्या राज्य आयोगानं 2013 ला. दिल्लीत 2014 साली पोरं रस्त्यावर उतरली ती बेरीज-वजाबाकीसाठी नव्हे. इंग्रजीतून विचार करून देशी भाषेत उतरवलेले ते उतारे वाचताना आपलीच भाषा परकी वाटते, हे दुखणं होतं. 2015 पासून तिकडे तो पेपर फक्त पात्रतेपुरता राहिला, 33 टक्क्यांचा. इकडे 2022 ला. 200 पैकी 66 गुण आणले की झालं. ऐकायला सोपं आहे. पण राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत या पेपरला 80 प्रश्न, दोन तास, म्हणजे प्रश्नाला 90 सेकंद, आणि त्यात निम्म्याहून जास्त प्रश्न उताऱ्यांचे. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलीला मराठीच उतारा दोनदा वाचावा लागतो, तेव्हा कमी पडते ती भाषांतर करणाऱ्याची बुद्धिमत्ता.

तुक्क्याचा हिशेब मात्र मुलांना मी शिकवतो, कारण तो कोणी सांगत नाही. राज्य आयोग चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश गुण कापतो. डोळे मिटून 16 प्रश्नांवर तुक्का मारला, तर सरासरीनं 4 बरोबर, 12 चूक, त्यांचे 3 गेले. हातात एका प्रश्नाचे गुण उरले. केंद्रीय आयोग एक तृतीयांश कापतो, तिथं 12 चुकांचे 4 जातात आणि हातात भोपळा. म्हणजे मुंबईत आंधळेपणाला थोडी किंमत आहे, दिल्लीत अजिबात नाही. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं की दोन्हीकडे तुक्का फायद्यात जातो. हे गणित तुमच्या पुस्तकात का नाही, रमेशराव?

आणि हो, शेकडेवारीचं नवं उदाहरण देतो, तुम्हाला आवडेल. 2023 ची तलाठी भरती. जागा 4,644, अर्ज दहा लाखांच्या वर, परीक्षा 200 गुणांची, बरीच सत्रं. सत्रागणिक पेपर सोपा-अवघड, म्हणून गुणांचं सामान्यीकरण केलं आणि यादी लागली तेव्हा सर्वाधिक गुण निघाले 214. दोनशेपैकी दोनशे चौदा, शेकडा 107. सूत्र मांडून दाखवलं तर यात चूक नसेलही. अवघड सत्रातल्या हुशाराला वर ओढायचं म्हटलं की असं होऊ शकतं. पण तालुक्याच्या गावात चहाच्या टपरीवर बसणाऱ्या ज्या बापानं पोराच्या परीक्षेसाठी हजार रुपये भरले, त्याला हे सूत्र समजावून सांगायला कोणी आलं नाही. त्याला शेकडेवारी येते आणि तो हसतो, एवढंच झालं.

आता ज्या गोष्टीसाठी खरं पत्र लिहायला बसलो, ती. तुमचा हौद. पहिला नळ तो 12 तासांत भरतो, दुसरा 15 तासांत, आणि तळाचा तिसरा नळ भरलेला हौद 10 तासांत रिकामा करतो. तिन्ही एकदम सोडले तर हौद कधी भरेल? ल.सा.वि. 60. पहिला तासाला 5 भाग घालतो, दुसरा 4, तिसरा 6 काढतो. उरले 3. साठ भागिले तीन, 20 तास. फळ्यावर हे गणित मांडलं की शहापूरची पोरं एकमेकांकडे बघून गालात हसतात. का, ते सांगतो.

तानसा धरण 1892 चं. नंतर भातसा. दोन्ही शहापूर तालुक्यात, आणि वैतरणेची धरणं हाकेच्या अंतरावर. मुंबईला रोज सुमारे 3,900 दशलक्ष लिटर पाणी जातं, त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसाचं. मुरबाडच्या बाजूला बारवी. तिच्या पाण्याखाली गावं गेली आणि पाणी कारखान्यांना आणि शहरांना गेलं. एवढ्या पाण्याच्या शेजारी राहून शहापूरच्या गावपाड्यांना फेब्रुवारी-मार्चपासून टँकरची वाट बघावी लागते. टँकर येतो तो हंड्यात पाणी देत नाही. तो जाड पाइप विहिरीत सोडतो आणि कोरड्या तळावर पाणी आपटतं. वर कठड्याभोवती बाया दोर घेऊन उभ्या. पाणी निवळायला थांबलं तर दुसरी उपसून नेणार, म्हणून गढूळच ओढायचं आणि घरी फडक्यातून गाळायचं. हौदात नळ पडतोय आणि त्याच वेळी तीस हात उपसतायत, हे गणित आमच्या मुलींनी पाचवीच्या आधी डोळ्यांनी सोडवलेलं असतं. आता शहापूरची तहान भागवायला शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या भावली धरणातून पाणी आणायची योजना आहे. आपलं मुंबईला, दुसऱ्याचं आपल्याला. तुमच्या पुस्तकात अजून असा चौथा नळ आलेला नाही, तो घ्या.

रमेशराव, इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही विचारलं नाही की हौद भरायचाय तर तळाचा नळ उघडला कोणी? तुम्ही म्हणता, 'समजा उघडा आहे.' आणि आमची पोरं समजतात. जो न विचारता समजतो त्याला 90 सेकंदांत उत्तर मिळतं. जो विचारत बसतो त्याचा पेपर अर्धवट राहतो. परीक्षेपुरतं हे मला पटतं, मीच तसं शिकवतो. पण हीच सवय घेऊन तो पोरगा उद्या तालुक्याच्या खुर्चीत बसणार आहे, आणि तिथं पहिला प्रश्न तळाच्या नळाचाच असला पाहिजे.

खुर्चीवरून आठवलं. राज्यसेवेच्या त्याच पेपरात शेवटी निर्णयक्षमतेचे प्रश्न येतात. साधारण असे: तुम्ही एका तालुक्याचे तहसीलदार आहात, पाणी नाही म्हणून महिला हंडे घेऊन कार्यालयावर आल्या आहेत, तुम्ही काय कराल? एक, पोलिस बोलवाल. दोन, वरिष्ठांना कळवून आदेशाची वाट बघाल. तीन, म्हणणं ऐकून घेऊन टँकर पाठवाल आणि कायमच्या उपायाचा प्रस्ताव तयार कराल. चार, रजेवर जाल. वर्गातल्या सगळ्यांचं उत्तर तीन. मोर्चात हंडा घेऊन गेलेल्या आईची मुलगीही तीनच लिहिते; आईनं आजवर दुसराच पर्याय बघितलाय, हे ती पेपरात लिहीत नाही. आणि या प्रश्नांचं वैशिष्ट्य तुम्हाला माहीतच आहे. हौद चुकला, मजूर चुकले, गाडी चुकली तर गुण कापतात. निर्णय चुकला तर ऋण गुण नाहीत.

तर माझं एवढंच म्हणणं आहे. तुमची प्रश्नपत्रिका काढणाऱ्या साहेबांशी तुमची रोजची ऊठबस आहे, त्यांना माझा निरोप द्या. निर्णयाच्या प्रश्नाला ऋण गुण लावा. मजुरांच्या गणितात एकदा तरी स्त्रीचं काम पुरुषाच्या सव्वापट धरा. उत्तर बदलेल, पद्धत तीच राहील. उतारे मराठीत विचार करणाऱ्या माणसाकडून मराठीत लिहून घ्या. आणि हौदाच्या गणितात, फक्त एका वर्षी, विचारा की तिसरा नळ कोणी उघडला. चार पर्याय शहापूर आणि मुरबाडमधून पाठवतो.

तुम्हीही एकदा या. कसारा लोकलने आसनगावला उतरा, बाहेर शहापूरच्या रिक्षा उभ्या असतात. मे महिन्यात आलात तर बरं, आणि येताना पिण्याचं पाणी घेऊन या.

आपला,
अंकगणित-बुद्धिमत्ता शिकवणारा,
शहापूर