हातवारे काका

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यात हातवारे काका एकच नाहीत. सूतगिरणी चौकातून आत वळा, गजानन महाराज मंदिराच्या बाजूने या, नाहीतर पुंडलिकनगरच्या रस्त्याने. दर दोन गल्ल्यांआड एक भेटतोच. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. वाळूजच्या एखाद्या कंपनीतून नाहीतर जिल्हा परिषदेतून निवृत्त. सकाळी विभागीय क्रीडा संकुलात चार फेऱ्या आणि त्या फेऱ्यांतही पायांपेक्षा हातांना व्यायाम जास्त. कारण हा गृहस्थ बोलतो तो हातांनी, तोंड फक्त साथीला. पत्ता सांगताना समोरच्याने चष्मा सांभाळायचा. जायकवाडीत पाणी किती टक्क्यांवर आलं हे सांगताना काकांचा तळहात गुडघ्यापासून निघतो आणि छातीशी थांबतो. आकडा ऐकायची गरजच उरत नाही. दुधाची पिशवी हातात असताना त्यांना राजकारणावर काही विचारू नये, हे गल्लीतलं पोरही जाणतं.

अशा माणसाच्या हाती व्हिडिओ गेम कधी लागणार नाही, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. गेम म्हणजे मान खाली आणि दोन अंगठे वरखाली. तो काकांचा प्रांतच नव्हे. पण जपानच्या निंटेंडो कंपनीने 2006 साली ‘वी’ नावाचं यंत्र काढलं आणि बटणांचा मामला हातवाऱ्यांवर आणला. पांढरा रिमोट हातात धरायचा आणि अंग हलवायचं. टेनिस खेळायचं तर रॅकेट फिरवल्यासारखा हात फिरवा, बोलिंग खेळायचं तर चेंडू सोडल्यासारखा सोडा. जगभरात हे यंत्र दहा कोटींच्या वर खपलं. काकांच्या घरी ते आलं अमेरिकेतल्या पुतण्याच्या बॅगेतून, तिकडे जुनं झाल्यावर. पाठोपाठ विजेचा प्रश्न आला. तिकडचा अडॅप्टर 120 व्होल्टचा, आपल्या भिंतीत 230. काही घरांना हे आधी कळतं, काहींना वास आल्यावर. मग पैठण गेटला एक चक्कर होते आणि टीव्हीखाली ट्रान्सफॉर्मरचं एक जड खोकं कायमचं मुक्कामाला येतं.

टेनिस-बोलिंगपर्यंत काका शांत असतात. खरा अवतार प्रकटतो तो ‘वारिओवेअर: स्मूद मूव्ह्ज’ लावल्यावर. हा गेमही 2006 सालचाच. वारिओ म्हणजे मारिओचा लबाड, जाड्या, मिशाळ प्रतिस्पर्धी, लसणाचा भोक्ता. मिशा आणि लसूण, दोन्हींमुळे काकांचा तो लगेच आवडता होतो. गेममध्ये दोनशेच्या वर चिमुकले खेळ आहेत आणि प्रत्येक खेळ जेमतेम चार-पाच सेकंदांचा. पण खेळाआधी रिमोट कसा धरायचा ते एक धीरगंभीर आवाज समजावून सांगतो. छत्रीसारखा उभा धरा. वेटरच्या थाळीसारखा तळहातावर आडवा ठेवा. नाकाशी लावा, म्हणजे हत्तीची सोंड झाली. डोक्यावर उभा करा, म्हणजे तुरा. कमरेशी धरा, म्हणजे सामुराईची तलवार. दोन्ही हातांत उभा धरा, म्हणजे झाडू. त्या आवाजाचं गांभीर्य असं की ऐकणाऱ्याला वाटावं, आता दीक्षाच मिळणार.

इथे काकांचं आयुष्य कामी येतं. छत्री धरायला सांगितली की इतर लोक नुसता रिमोट उभा करतात. काका दुसऱ्या हाताने लुंगी थोडी वर घेतात, कारण पाऊस म्हटला की चिखल आलाच. वेटर म्हटलं की ते कमरेत वाकतात आणि पंगतीत चाळीस वर्षं वाढलेलं सगळं अंगात येऊन सोफ्यावरच्या माणसांकडे आग्रहाने बघतात. तलवार म्हटलं की उजवा पाय पुढे, डावा मागे, छाती बाहेर; सामुराई जपानचा असला तरी पवित्रा थेट दौलताबादच्या किल्ल्यावरचा. झाडू धरायचा खेळ आला की स्वयंपाकघराच्या दारातून आवाज येतो, “अहो, हे मशीन घरीच राहू द्या. निदान त्यात तरी झाडता.” डोक्यावर तुरा धरायची वेळ आली की नात हसून जमिनीवर लोळते, कारण आबांच्या टकलावर रिमोट घसरतो आणि तो सावरण्यात खेळ संपून जातो.

काकांचं नेमकं इथंच चुकतं. गेमला हवी असते घाई आणि काकांना हवी असते पोझ. त्यांची पोझ बिनचूक जमेपर्यंत पाच सेकंद उलटलेले असतात. “थांब ना रे, नीट उभं तर राहू दे!” असं ते यंत्राला सांगतात. यंत्र थांबत नाही. चार वेळा हरलं की डाव खलास, आणि काकांच्या चार संधी छत्री, वेटर, हत्ती आणि तलवार यांच्या तयारीतच जातात. मग पहिलं वाक्य ठरलेलं: “काहून गेलं? मी तर बरोबर धरलं होतं.” दुसरं वाक्य सेलच्या क्षमतेबद्दल असतं. तिसरं चीनच्या मालाबद्दल.

याच खोलीत दुसरा एक प्राणी असतो, त्याची ओळख करून दिल्याशिवाय काकांचं चित्र पुरं होत नाही. तो म्हणजे सोफ्यावरचा दुसरा पुतण्या. हा पुतण्या कोडिंग शिकलेला असतो. तो आडवा पडूनच खेळतो. तलवार चालवायची तर मनगटाला एक झटका. झाड तोडायचं तर आणखी एक झटका. दुसऱ्या हातात चिवड्याची वाटी तशीच. त्याला कळलेलं असतं की रिमोटच्या पोटात एक इवलासा ॲक्सिलरोमीटर आहे, तो फक्त वेगातला बदल मोजतो. हात खांद्यापासून फिरला की मनगटापासून, त्याला सोयरसुतक नाही. छाती बाहेर आहे का, पाय पुढे आहे का, चेहऱ्यावर भाव आहेत का, काही म्हणजे काही त्याला दिसत नाही. पुतण्या हे काकांना समजावून सांगतो. काका ऐकून घेतात आणि पुढच्या डावाआधी बनियन खाली ओढून टकलावरून हात फिरवतात. मशीनला दिसत नाही हे त्यांना पटत नाही. इतक्या लांबून आणलेलं यंत्र आणि माणसाकडे बघणारच नाही?

बघण्याचा हा घोळ मिटवायला दोन दिव्यांची हकिगत सांगायला हवी. वीबरोबर टीव्हीखाली ठेवायची एक लांबट पट्टी येते. लोक तिला सेन्सर म्हणतात, पण ती काहीच टिपत नाही. तिच्या दोन टोकांना डोळ्यांना न दिसणारे अवरक्त दिवे असतात, एवढंच. टिपतो तो रिमोट. त्याच्या पुढच्या टोकाला बारीक कॅमेरा असतो, तो ते दोन ठिपके पाहून आपण पडद्यावर कुठे रोखलोय हे ठरवतो. अमेरिकेतल्या पुतण्याने बॅगेत सगळं भरलं आणि नेमकी पट्टीच तिकडे राहिली. पट्टी नसली तर दोन मेणबत्त्या लावूनही काम भागतं, हे जगभर लोकांनी करून पाहिलेलं आहे. मेणबत्त्या घरात नव्हत्या. काकूंनी देव्हाऱ्यातली दोन निरांजनं आणून दिली.

टीव्हीपुढे वीतभर अंतराने दोन निरांजनं लावली आणि पडद्यावरचा हात खरोखर हलू लागला. पण ज्योत हलली की पडद्यावरचा हातही कापू लागे, म्हणून पंखा बंद. महिना मे, गारखेड्यातली दुपारची चार वाजताची वेळ, खिडक्यांना पडदे. घराघरांत कूलर धो धो चाललेले आणि या घरात मात्र बंद पंख्याखाली, दोन ज्योतींसमोर, एक सत्तावन्न इंची छातीचा माणूस नाकाला रिमोट लावून हत्ती झालेला. त्याच वेळी शेजारच्या वहिनी साखर मागायला आल्या. त्यांनी दारातच चपला काढल्या, टीव्हीकडे बघून हात जोडले, काकूंना हळूच विचारलं, “आज काय विशेष?” आणि आरती होईपर्यंत थांबायच्या हिशेबाने सतरंजीवर बसल्या. काकांनी सोंड खाली केली नाही. या एका प्रसंगात त्या कॅमेऱ्याला दिवे दिसत होते, वहिनींना देव दिसत होता आणि काकांना विजय. काका मात्र कॅमेऱ्याला शेवटपर्यंत दिसले नाहीत.

बंद पंख्याखाली सुटलेल्या घामाचा परिणाम रिमोटवर होतो. रिमोटला मनगटात घालायचा एक पट्टा असतो. सुरुवातीला लोकांचे रिमोट हातातून निसटून टीव्हीवर आदळायला लागले, पट्टे तुटायला लागले, तेव्हा निंटेंडोने डिसेंबर 2006 मध्ये सुमारे 32 लाख पट्टे जाड दोरीचे करून बदलून द्यायची घोषणा केली. पुढच्या वर्षी रिमोटला घालायला रबरी कवचं फुकट वाटली. म्हणजे हातवारे काका जगभर आहेत, याची दखल एका जपानी कंपनीने घेतली होती. आमचे काका पट्टा घालत नाहीत. “हातातली वस्तू सुटायला मी काय लहान आहे?” असं ते म्हणतात आणि बोलिंगचा चेंडू सोडताना रिमोटही सोडतात. टीव्ही वाचतो. शोकेसची काच जाते, आणि तिच्यामागे पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल मिळालेलं घड्याळ असतं, ते त्या दिवसापासून चार वाजून वीस मिनिटांवर थांबतं. काका त्यानंतर पट्टा घालतात. सवयीने नाही, काकूंच्या हुकमाने.

यंत्राने आपल्याकडे पाहावं ही काकांची इच्छा 2010 साली पुरी झाली. मायक्रोसॉफ्टने किनेक्ट आणलं. त्यात हातात काही धरायचंच नाही. टीव्हीपाशी ठेवलेला कॅमेरा माणसाचं सबंध शरीर सांध्यांसकट ओळखतो. काकांना वाटलं, आता न्याय मिळणार. पण किनेक्टला माणूस पडद्यापासून सहा फूट तरी लांब उभा लागतो आणि गारखेड्यातला हॉल असतो दहा बाय बारा, त्यात दिवाण, टीपॉय, शिलाई मशीन आणि फ्रिज. दिवाण ओसरीत गेला, टीपॉय जिन्यात गेला. एवढं करून काका उभे राहिले, तोच काकू चहाचा ट्रे घेऊन मधून गेल्या. कॅमेऱ्याने त्यांनाही खेळाडू धरलं आणि काकूंना काकांपेक्षा जास्त गुण मिळाले. काकांनी या निकालाविरुद्ध बरेच दिवस अपील केलं. अखेर 2017 साली मायक्रोसॉफ्टनेच किनेक्ट बनवणं बंद केलं आणि वाद मिटला.

हल्ली घराघरांत ‘जस्ट डान्स’ असतो. पडद्यावरचा माणूस नाचेल तसं आपण नाचायचं, हातात फोन धरला तरी चालतं. या गेमच्या कामात युबिसॉफ्टच्या पुण्याच्या स्टुडिओचाही वाटा आहे, हे कळल्यापासून काका त्याच्याबद्दल जरा घरचं कार्य असल्यासारखं बोलतात. फोन हातात असल्याने गुण पुन्हा हाताचेच, पण काका पायही हलवतात, कंबरही हलवतात, आणि ओळखीचं गाणं लागलं तर त्यांच्या वरातीतल्या स्टेप्सपुढे पडद्यावरचा माणूसच चुकल्यासारखा दिसतो. 2023 साली वारिओवेअरचा नवा भाग ‘मूव्ह इट’ आला, त्यात दोन्ही हातांत एकेक रिमोट धरायचा असतो. दोन्ही हात एकदम! काकांच्या बोलण्याची पद्धतच जणू निंटेंडोने नियमात बसवली. नातीने व्हिडिओ दाखवला तेव्हा काका जागचे उठले आणि फक्त बघूनच दोन फुलदाण्या आडव्या केल्या.

एवढ्या सगळ्या वर्षांत काकांनी एकदाच उच्चांक केला आणि तो कसा झाला हे गल्लीत सर्वांना माहीत आहे. डाव ऐन रंगात होता आणि बाहेरून काकूंची हाक आली, “अहो, पाणी आलं!” छत्रपती संभाजीनगरात या हाकेपुढे दुसरा कुठलाही खेळ टिकत नाही. नळाला पाणी येतं ते कितीतरी दिवसांनी. मोटार लावायची, पिंप भरायचं, बादल्या रांगेला लावायच्या. काका रिमोटसकट धावले. पट्टा मनगटात होता, काढायला वेळ कुठे होता? बादली उचल, उलटी कर, पाइप ओढ, झाकण आपट, तोटी फिरव. रिमोट मनगटाला लोंबकळत प्रत्येक हालचालीला साथ देत होता. आतून नात ओरडली, “आबा, जिंकलात!” मग परत ओरडली. आणि परत. टीव्हीवरचे खेळ एकामागून एक पार होत होते: काहीतरी हलवायचं, काहीतरी ढवळायचं, काहीतरी झटकायचं. खेळात जे जे करायला सांगत होते, ते सगळं काका मोरीत खरोखरच करत होते. पाणी गेलं तेव्हा पिंप भरलेलं होतं आणि पुतण्याचा विक्रम मोडलेला होता. पुतण्याने चिवड्याची वाटी खाली ठेवून पहिल्यांदा उठून पडद्याकडे पाहिलं.

काकांना त्या विजयाचं कौतुक नाही. पोझ कुठे होती त्यात, असं ते विचारतात.

तर वाचकहो, तुमच्या घरी असा एखादा काका, मामा किंवा आजोबा असेल, तर त्यांना खेळायला जरूर बोलवा. टीपॉय बाजूला करा, शोकेसला चादर घाला, रिमोटचा पट्टा स्वतःच्या हाताने त्यांच्या मनगटात अडकवा. यंत्राला फक्त मनगट कळतं हे त्यांना सांगायला जाऊ नका. सांगितलं तरी ते पटणारं नाही. गुण मोजणारे घरात पुष्कळ असतात, हसवणारा एखादाच असतो. फक्त तो दिवस पाण्याचा नसावा, एवढं मात्र आधी बघून घ्या.