भुतांचा कबड्डी संघ कसा उभारावा : कुडपणकरांसाठी मार्गदर्शिका

कबड्डीला मैदानात सात गडी लागतात, राखीव पाच धरले तर बारा. पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणात ही जुळणी शिमगा, मे महिना आणि गणपती वगळून कुणी करून दाखवावी. तरणी पोरं मुंबईला नाहीतर सुरतेला. मागे राहिलेली मंडळी चढाई करतात ती फक्त घाटाची. मात्र एक जमात नोकरीसाठी गाव सोडत नाही, गुडघेदुखीची तक्रार करत नाही आणि अवसेला न बोलावता हजर असते. ही मार्गदर्शिका त्या जमातीतून संघ उभारण्याविषयी आहे. संघ मातीचा, बोटाच्या पेराएवढ्या बाहुल्यांचा; त्यामुळे गावजेवणाचा खर्च नाही.

शास्त्राधार

हा पोरखेळ आहे असं कुणी म्हणेल, तर त्याला विलायतेचा दाखला द्यावा. तिथे 1986 साली गेम्स वर्कशॉप या कंपनीने 'ब्लड बोल' नावाचा पटावरचा खेळ काढला. अमेरिकन फुटबॉलची ती थट्टा. खेळणारे राक्षस, बुटके, सांगाडे आणि चालती झाडं. पट 26 बाय 15 घरांचा. संघाला काल्पनिक दहा लाख सोन्याची नाणी मिळतात, त्यात सोळापर्यंत गडी घ्यायचे, अकरा उतरवायचे. नाणी काल्पनिक असली तरी बाहुल्या खऱ्या पैशांनी घ्याव्या लागतात आणि रंगवण्यात मोठ्या माणसांचे महिने जातात. तिथल्या बुटक्यांच्या संघाला आचारी नेमण्याची मुभा आहे; तो समोरच्या संघाची फासे पुन्हा टाकण्याची संधी पळवू शकतो. कोंबडी-वड्यांच्या मुलखाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

गडी निवड

संघाच्या प्रत्येक मालकाला नाण्यांऐवजी शंभर गजगे द्यावेत. दरपत्रक असं :

खवीस, 22 गजगे. डावा कोपरा. धिप्पाड असल्याने पकड करत नाही, नुसता उभा राहतो. चढाईपटू स्वतःच येऊन आपटतो.

वेताळ, 20. कर्णधार. भुतांचा राजा असल्याने पंचाशी बोलण्याचा अधिकार फक्त याला.

हडळ, 16. पहिली चढाई हिची. पावलं उलटी असल्यामुळे ती आत येतेय की परत चाललीय हे कळेपर्यंत दोन गडी बाद झालेले असतात.

गिऱ्हा, 14. उजवा कोपरा. पाण्यात राहून पाय ओढण्याची जन्माची सवय, त्यामुळे चवडा पकडीत याला तोड नाही. कोरड्या मैदानावर रुसतो. याच्या घरात दोन थेंब पाणी शिंपडावं.

समंध, 12. मध्यरक्षक. पुरलेलं धन राखणारा, तो बोनस रेषा राखतो. सहसा हलत नाही.

चकवा, 10. बचावात ठेवावा. चढाईपटूला मध्यरेषा सापडत नाही, तो मैदानात पहाटेपर्यंत फिरतो. पावसाळ्यात कुडपणचं धुकं उतरलं की याचे दर वाढतात.

मुंजा, 6. पिंपळावरून थेट उडी. वयाने लहान, स्वस्त, आणि ऐन वेळी आईची आठवण काढतो.

बेरीज बरोबर शंभर होते. राखीव पाच भुतं बिननावाची, फुकट घ्यावीत. कुठल्याही पडक्या घरात मिळतात.

प्रो कबड्डीत 2014 पासून खेळाडूंचा लिलाव होतो. आपल्याकडची पद्धत त्याहून जुनी आणि कायदेशीर कटकटीविना आहे : गिऱ्ह्याचा केस ज्याच्या हाती, त्याचा तो चाकर. म्हणून गिऱ्ह्याच्या डोक्याला काथ्याचा एक धागा चिकटवावा. धागा प्रतिस्पर्ध्याने पळवला तर गडी त्याच्याकडे गेला. या कारणासाठी सामन्याआधी हस्तांदोलन करू नये.

घडण

वारुळाची माती चाळून, भिजवून, रात्रभर ओल्या फडक्यात ठेवावी. आधी बारीक तार वाकवून हातपाय करावेत, तारेवर माती चढवावी. उंची तीन-सव्वातीन सेंटिमीटर. हडळीची पावलं ती सुकायच्या आत उलटी करावीत, नंतर केल्यास मोडतात. बैठकीसाठी विलायतेत 32 मिलिमीटरची चकती वापरतात. सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं बूच जवळजवळ त्याच मापाचं असतं. बूच उताणं ठेवून त्यात माती भरावी आणि बाहुली रोवावी. लग्नसराईनंतर मांडवाच्या मागे फिरल्यास दोन्ही संघांची सोय होते.

श्रावणात माती सुकणार नाही. बाहुल्या चुलीवरच्या शिंक्यात ठेवाव्यात. धुराने रंग आपोआप जुनाट येतो, जो आणण्यासाठी विलायतेत वेगळे पैसे मोजतात.

रंगकाम

आधी चुन्याचा पातळ हात. मग रंग, तोही पातळ, दोन वेळा; एकदाच जाड थापला तर नाकडोळे बुजतात आणि खवीस व समंध यांत फरक उरत नाही. त्यानंतर पाण्यात काजळ कालवून वरून सोडावं. ते फासळ्यांच्या खाचांत जाऊन बसतं आणि उंचवटे मोकळे राहतात. शेवटी कोरड्या कुंचल्याने फिका रंग नुसता घासावा. डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी, पेणच्या कारखान्यात गणपतीची करतात तशीच, आणि घरातल्या सर्वांत स्थिर हाताच्या माणसाने. डोळे आखल्यावर भूत संघात नोंदलं गेलं असं समजावं. नंतर दर बदलत नाही.

मैदान

पुरुषांच्या कबड्डीचं मैदान 13 बाय 10 मीटर. एका मीटरला साडेतीन सेंटिमीटरचं घर धरलं तर साडेपंचेचाळीस बाय पस्तीस सेंटिमीटर होतात, म्हणजे जेवायला बसायचा एक पाट. पाटावर खडूने घरं आखावीत. दोन्ही बाजूंची एकेक ओळ राखीव क्षेत्राची. झटापट झाल्याशिवाय तिथे पाय ठेवू नये. मध्यरेषा मात्र तेरांपैकी सातव्या ओळीच्या पोटातून जाते, त्यामुळे त्या ओळीतला गडी कुणाच्या हद्दीत यावर वाद होतो. हा दोष समजू नये. बांधावरून भांडल्याखेरीज कोकणात कुठलाही व्यवहार पक्का होत नाही. महिलांचं 12 बाय 8 मैदान घेतलं तर रेषा अचूक बसते आणि वाद उरत नाही, म्हणूनच ते कुणी घेत नाही.

मागे कुडपणच्या भीमाची काठी या सुळक्याची थर्माकोलची प्रतिकृती उभी करावी. भीमाने परत मागितल्यास आयोजक जबाबदार नाहीत.

खेळ

फाशांऐवजी पाच कवड्या. दोन भुतं भिडली की दोन्ही मालकांनी टाकाव्यात. ज्याच्या जास्त उताण्या, त्याचा गडी टिकला. पाचही पालथ्या पडल्या तर गडी कोसळला आणि डाव तिथेच समोरच्याकडे गेला. म्हणून बिनधोक्याच्या चाली आधी खेळाव्यात आणि खवीस शेवटी हलवावा. ब्लड बोल खेळणारे हेच तत्त्व इंग्रजीत सांगतात आणि हेच विसरतात.

कवड्या फिरवण्याची सोय आहे : प्रत्येक सत्रात दोनदा ग्रामदेवतेला कौल लावता येतो. पंच म्हणून गुरव असावा. कौल उजवा मिळाला तर कवड्या पुन्हा टाकाव्यात, डावा मिळाला तर गप्प बसावं.

भुतांना श्वास नसतो. म्हणून चढाईचा दम मालकाने धरायचा. बाहुली सरकवत तीस सेकंद 'कबड्डी कबड्डी' म्हणावं. दम तुटला तर भूत बाद. सगळा संघ बाद झाला की लोण, वर दोन गुण. साठीच्या पुढच्या मालकांना मध्ये एकदा पाणी प्यायची सूट द्यावी, नाहीतर संघात आयती भरती होते.

स्पर्धा आणि शीव

पहिला सामना कुडपण बुद्रुक विरुद्ध कुडपण खुर्द असावा. कारण शोधावं लागत नाही.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्यात सवलत नाही. संघ कुडपणची शीव ओलांडू शकत नाही. राखणदार सोडत नाही आणि भुतंही येत नाहीत. डबा भरून परळ किंवा नालासोपाऱ्याला नेलेला संघ नुसती माती समजावी. मालक कितीही मोठ्या पगारावर असो, खेळायचं तर गावात येऊन खेळायचं. सामन्याला मालक आला नाही तर भुतं बाद धरू नयेत, ती वेळेवर हजर होती. मालक बाद धरावा, आणि त्याची माणसं गावात उतरेपर्यंत त्याच्यावर दरवर्षी एक लोण चढवत जावं.