बेस्ट भरीत धरणगाव, भरीत जवळ, भरीत आज

मथळ्याचा अर्थ लावत बसू नका. तो तुमच्यासाठी नाहीच, गूगलसाठी आहे. धरणगावात भरिताचं दुकान टाकायचं तर आधी कीवर्ड, वांगी नंतर, असं आमच्या ओळखीच्या एका एसईओवाल्या, म्हणजे पानं गूगलमध्ये वर आणून देणाऱ्या, भाऊंचं मत आहे. त्यांनी अशा एका दुकानाचं पान बनवलंही. पानाचा वेबपत्ता वाचा, दम टाकत वाचा: बेस्ट-वांग्याचं-भरीत-धरणगाव-जळगाव-खान्देश-निअर-मी.

पानावर दर ओळीत ‘भरीत’ आहे. वांगी काड्यांवर भाजतात की गॅसवर, बडगीत ठेचतात की मिक्सरात फिरवतात, सोबत कळण्याची पुरी मिळते का, दुकान कोणत्या वारी बंद, हे मात्र कुठेच नाही. निमंत्रकांच्या नावांनी भरलेल्या लग्नपत्रिकेत नवरदेव शोधावा, तसं गिऱ्हाईक फोन नंबर शोधत बसतं.

पानाचा तो वेबपत्ता इथे देवनागरीत छापलाय, पण मूळचा रोमन लिपीत आहे. देवनागरीला भाऊंची हरकत, आणि ती अगदीच पोकळ नाही. देवनागरी पत्ता कॉपी करून पुढे पाठवला, की ‘धरणगाव’ एवढ्याच शब्दाची टक्क्याच्या खुणा, आकडे आणि रोमन अक्षरं मिळून बहुधा 54 चिन्हं होतात. ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन 2014 सालीच आलं. पण आपण अजून टक्केच मोजतोय.

गंमत अशी, की ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो गूगलबाबा केव्हाच पुढच्या गावाला गेला. पानाच्या पोटात दडवलेला कीवर्डचा टॅग क्रमवारी लावताना आपण बघतच नाही, हे त्याने 2009 मध्ये जाहीर केलं. शोधायचे शब्द जोडून डोमेन बनवायचं आणि आत माल हलका ठेवायचा, अशांना 2012 मध्ये खाली ढकललं. मथळा पटला नाही, तर तो स्वतःच दुसरा लावतो. पत्त्यातल्या शब्दांनी क्रमवारीत फारसा फरक पडत नाही, असं त्याच्याच मार्गदर्शिकेत छापलंय. आणि शब्द कोंबणं? ते स्पॅमच्या यादीत. पण मार्गदर्शिका फुकट मिळते, म्हणून ती कोणी वाचत नाही. भाऊ महिन्याचे पैसे घेतात, म्हणून त्यांचं सगळे ऐकतात.

मराठी बातम्यांची संकेतस्थळं या विद्येत भाऊंचेही गुरू. ‘गोल्ड रेट टुडे : जळगावात सोनं वाढलं की घसरलं? वाचा सविस्तर.’ सविस्तर वाचावं तर सोन्याचा इतिहास कळतो, लग्नसराईचं महत्त्व कळतं, दर कळत नाही. तो सराफाला फोन करूनच विचारावा लागतो.

भाऊंची फूटपट्टी बालकवींनाही लावून पाहिली. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म 13 ऑगस्ट 1890, धरणगाव. कविता ‘औदुंबर’, ओळी आठ. कीवर्ड पहिल्या ओळीत हवा, निदान तीनदा यावा, हा भाऊंचा नियम. या गृहस्थाने सात ओळी झाडाचं नावच घेतलं नाही, आणि आठव्या ओळीत घेतलं तेही शेवटचा शब्द म्हणून! भाऊंनी कविता नापास केली. ‘औदुंबर म्हणजे काय? औदुंबराचे 7 फायदे’ असा मथळा घेतला तर काही जमेल म्हणाले. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात या ठोंबऱ्यांची कविता ऐकूनच त्यांना ‘बालकवी’ म्हटलं गेलं, हे भाऊंना सांगितलं. ‘तेव्हा कॉम्पिटिशन कमी होती,’ म्हणाले.

तेव्हा दुकानदार मंडळी, भाऊंना जरूर चहा पाजा, पण पानाच्या मथळ्यात दुकानाचं नाव एकदा लिहा, गावाचं एकदा लिहा. खाली वेळ, सुट्टीचा वार आणि भाव टाका. आणि आजच्या आज फोन नंबर तपासा; बऱ्याच पानांवर तो जुनाच असतो.