स्वस्त, पौष्टिक आणि बिनपगारी

महागाईच्या बातम्या पहिल्या पानावर आल्या की रविवारच्या पुरवण्यांना सामान्यांच्या पोटाची काळजी लागते आणि ‘कमी खर्चात सकस आहार’ असा आठवड्याचा तक्ता छापून येतो. सोमवारी मटकीची उसळ आणि ज्वारीची भाकरी, मंगळवारी नाचणीची आंबील आणि पालकाची पातळ भाजी, बुधवारी मिश्र डाळींची धिरडी, असं करत शनिवारी थालीपीठ. प्रत्येक पदार्थासमोर प्रथिनं ग्रॅममध्ये, खर्च रुपयांत. बेरीजही चोख. कडधान्यं परवडतात, नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं, याबद्दल कुणाचं दुमत नाही. खोट आहे ती तक्त्यात न आखलेल्या रकान्यात. मटकी मोजली, तेल मोजलं, चिमूटभर हिंगसुद्धा मोजला. ती मटकी निवडणारे, भिजवणारे, बांधणारे हात मात्र शून्य रुपये दराने धरले. आमचा दावा असा की या जेवणातलं ‘पौष्टिक’ धान्याचं असेल, पण ‘स्वस्त’ बहुतांशी या शून्याचं आहे.

मटकीचंच बघा. निवडून, धुऊन सकाळी भिजत घालायची, रात्री उपसून फडक्यात घट्ट बांधायची, थंडीचे दिवस असले तर उबेला ठेवायची आणि मोड आलेच तर दुसऱ्या दिवशी फोडणीला टाकायची. सोमवारच्या उसळीची आठवण रविवारी सकाळीच व्हावी लागते, आणि ती घरात नेमकी एकाच व्यक्तीला होते. नाचणीचं सत्त्व म्हणजे भिजवणं, मोड आणणं, वाळवणं, भाजणं, दळणं आणि वर वस्त्रगाळ करणं. भाकरी तर घाऊक होतच नाही. गरम पाण्यात पीठ मळा, एकेक थापा, तव्यावर टाकून पाणी फिरवा, उलटा, मग विस्तवावर फुगवा. शेवटची भाकरी टोपल्यात पडेपर्यंत पहिली खाणारा हात धुऊन मोबाइलवर आहारतज्ज्ञांचं भाषण ऐकत असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० उष्मांकांचं जे आदर्श ताट आखलं आहे त्यात माणशी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आहेत. चौघांच्या घरात रोजची १ किलो ६०० ग्रॅम भाजी झाली. ती कुणीतरी निवडायची, धुवायची, चिरायची आहे, आणि मेथीची जुडी काही स्वतःहून निवडली जात नाही.

या कामाला किंमत नसते असं म्हणावं तर बाजार तसं म्हणत नाही. मंडईत मोड आलेली मटकी वेगळ्या भावाने विकली जाते, निवडलेली, चिरलेली भाजी जुडीपेक्षा महाग पडते, पोळी-भाजी केंद्रात भाकरीचा दर नगावर असतो आणि त्यात पिठापलीकडचेही पैसे असतात. तीच भाकरी घरात झाली की फक्त पिठाच्या भावाची. केंद्र सरकारच्या वेळवापर पाहणीनुसार २०२४ मध्ये बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं गेली आणि पुरुषांची ८८. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बायकांची १० मिनिटं वाचली, पुरुषांची ९. समानता ती हीच असावी. शिवाय ही सरासरी घरकामाला हात लावणाऱ्यांचीच. जे पुरुष त्या वाटेलाच गेले नाहीत त्यांनी ती बिघडवलेली नाही.

सरकारचा हिशेबही याच वहीतला. शालेय पोषण आहारात डाळ, तेल, भाजी, इंधनाचा दर अधूनमधून वाढवावाच लागतो, कारण किराणा दुकानदार मातृत्वाच्या गौरवावर माल देत नाही. मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे तो दिवसाला ६ रुपये ७८ पैसे झाला. ते अन्न रांधणाऱ्या बाईचं मानधन मात्र केंद्राने २००९ मध्ये महिना १००० रुपये ठरवलं, तेही वर्षातले १० महिने, आणि पुढची पंधरा वर्षं त्याला हात लावला नाही. महाराष्ट्राने आपली भर घालून ते २५०० वर नेलं, तेव्हा औदार्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घ्यायला हरकत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत या बाईने काय खावं, याचा तक्ता अजून कुठल्या पुरवणीत आलेला नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. आमच्या आज्या नाही का करत होत्या? करत होत्या. त्यांच्या हाताखाली दोन जावा, एक विधवा आत्या आणि शाळेतून काढलेल्या मुलीही होत्या, आणि त्यांना सकाळची लोकल गाठायची नव्हती. दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. गरिबाघरी उसळीला वेळ नसतो, मग बिस्किटाच्या पुड्याला पैसे कुठून येतात? इथे हिशेब उलटा वाचला जातो. चार घरची धुणीभांडी उरकून रात्री साडेसातला घरी पोचणारी बाई पाच रुपयांत बिस्किटं विकत घेत नाही, अर्धा तास विकत घेते. एवढ्या स्वस्तात तिला वेळ दुसरं कुणी देत नाही, तक्तेवाले तर नाहीच. तिला जमणारं स्वस्त अन्नही आहे, कुकरमधली मुगाची खिचडी, उकडलेली अंडी, फुटाणे, गूळ-शेंगदाणे. पण ते तक्त्यात तळटीपेला असतं, कारण त्याचे फोटो चांगले येत नाहीत. ‘रविवारीच आठवड्याची तयारी करून ठेवा’ हा सल्ला तर ज्यांच्याकडे फ्रीज आणि रविवार दोन्ही आहेत त्यांच्यासाठी.

शेवटचा आक्षेप भावनेचा. आईच्या हातच्या अन्नाचं मोल पैशात करणार का? नकोच. ते अमूल्य आहे, म्हणून तर त्याला शून्य भाव लावता येतो. प्रश्न पैसे देण्याचा नाही, काम वाटून घेण्याचा आहे. मटकी बांधायला गर्भाशय लागत नाही.

तेव्हा संपादक महाशय, पुढचा तक्ता छापाल तेव्हा ‘खर्च’ या रकान्याशेजारी ‘वेळ’ आणि ‘करणार कोण’ असे आणखी दोन रकाने आखा. आणि शेवटच्या रकान्यात सातही दिवस एकच नाव आलं, तर तो तक्ता न छापता तज्ज्ञांकडे परत पाठवा.