पल्लेदार गृहस्थ

इंग्रजी अवकाशपटाला जाताना शेजारच्या खुर्चीवर कोण बसणार याची चौकशी आधी करावी. घोरणारा मेहुणा चालेल, फोनवर बोलणारा साडू चालेल, चिप्सचं पाकीट तासभर फोडत बसणारं पोरगंही चालेल. पल्लेदार गृहस्थ चालणार नाही. पंचाईत अशी, की तो लांबून ओळखू येत नाही. पन्नाशीच्या आसपासचा, चौकड्यांचा शर्ट, खिशाला पेन. भोसरीच्या एखाद्या कारखान्यात डिझाइनला नाहीतर क्वालिटीला असतो. मध्यंतरापर्यंत तो समोसाही चारचौघांसारखाच खातो. मग पडद्यावर दोन अजस्र यानं समोरासमोर येतात, हिरव्या-तांबड्या रेघा सुटू लागतात, सगळं थिएटर खुर्चीच्या कडेवर येतं, आणि हा आपल्या कानाशी वाकून विचारतो, “किती अंतरावरून मारतायत?”

उत्तर त्याला नको असतं. उत्तर त्याने काढलेलं असतं. तिकडे नायिकेचं यान भडकलेलं असतं आणि इकडे हा पार्किंगच्या पावतीमागे भागाकार मांडत असतो. 2017 साली ‘द लास्ट जेडाय’ लागला तेव्हा त्यातली बाँबफेकी यानं शत्रूच्या डोक्यावर येऊन बाँब खाली सोडू लागली, आणि हा भर थिएटरात म्हणाला, “खाली? अवकाशात खाली कुठंय?” पुढच्या रांगेतल्या कॉलेजच्या पोराने मागे वळून सांगितलं, “काका, चुंबकाने ढकलतात ते.” त्यावर त्याने सिनेमा संपेपर्यंत त्या पोराशी चुंबकाबद्दल हुज्जत घातली. वहिनी दोन खुर्च्या सोडून बसल्या होत्या. त्यांचं लग्न टिकण्यामागे या दोन खुर्च्यांचा मोठा वाटा आहे.

थिएटरात त्याचे हात बांधलेले असतात. खरा रंगतो तो घरी, कारण तिथे रिमोट असतो. लढाई ऐन भरात आली की तो चित्र थांबवतो, मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी काढतो आणि टीव्हीला लावतो. “अहो, स्क्रीनला ओरखडे पडतील,” असं आतून येतं, ते त्याला ऐकू जात नाही. ‘स्टार वॉर्स’मधल्या इंपीरियल स्टार डिस्ट्रॉयर यानाची लांबी 1,600 मीटर, हे त्याला तोंडपाठ असतं. सासूबाईंची जन्मतारीख नसते.

“डिस्ट्रॉयर पट्टीवर 8 सेंटिमीटर. म्हणजे सेंटिमीटरला 200 मीटर. आणि दोन यानांच्या मध्ये जागा किती? 5 सेंटिमीटर. एक किलोमीटर!” इथे तो पट्टी खाली ठेवून चष्मा काढतो. “दीड किलोमीटरचं जहाज आणि शत्रू एक किलोमीटरवर! आपलं पिनाक रॉकेट 40 किलोमीटरवर मारतं. हे युद्ध नाही हो, हे सोसायटीतलं पार्किंगवरचं भांडण आहे!”

असं का, हे त्याला ठाऊक नाही असं नाही. उलट ते सांगताना तो आवाज इतका खाली आणतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, कुणाच्या घरातली कुलंगडी बाहेर पडतायत. 1977च्या ‘स्टार वॉर्स’साठी जॉर्ज लुकास यांनी जुन्या युद्धपटांतल्या विमानांच्या झटापटी कापून-जोडून एक रीळ तयार केलं आणि आपल्या विशेषदृश्यवाल्यांना सांगितलं, यानं अशी उडाली पाहिजेत. शेवटच्या त्या खंदकातल्या हल्ल्यावर तर ‘द डॅम बस्टर्स’ आणि ‘633 स्क्वाड्रन’ या सिनेमांची सावली सरळ दिसते. ‘द डॅम बस्टर्स’ 1955चा, त्यातला हल्ला 1943चा. त्याच्या विशेष छायाचित्रणात काम केलेले गिल्बर्ट टेलर हेच पुढे ‘स्टार वॉर्स’चे छायाचित्रकार झाले. “म्हणजे बघा,” पल्लेदार म्हणतो, “यानं कुठल्या कुठल्या आकाशगंगेतली, आणि अंतरं 1943ची!”

या मुद्द्यावर मी एकदा कॅमेऱ्याची बाजू घेतली. ‘स्टार ट्रेक’च्या 1991च्या तांत्रिक पुस्तिकेत फेझर या शस्त्राचा पल्ला 3 लाख किलोमीटर दिलेला आहे. त्या मालिकेतलं एंटरप्राइझ 642 मीटर लांबीचं. ते पडद्यावर जेमतेम 2 सेंटिमीटरचं काढलं, तरी त्याच प्रमाणात शत्रू सव्वानऊ-साडेनऊ किलोमीटरवर येतो. म्हणजे एंटरप्राइझ डेक्कनच्या थिएटरात दाखवलं तर शत्रूचं यान हडपसरला दाखवावं लागेल, आणि प्रेक्षकांना दोन्हीकडची तिकिटं काढावी लागतील. म्हणून बिचारे दिग्दर्शक 3 लाख किलोमीटरचा पल्ला पुस्तिकेत ठेवतात आणि मारामारी बोळात लावतात. पल्लेदाराने माझा हिशेब पट्टी न लावता तपासला, बरोबर आहे म्हणाला आणि पुढच्याच रविवारी तो स्वतःच्या नावावर चारचौघांत सांगितला.

नेमाचा विषय निघाला की मात्र माणूस पार हाताबाहेर जातो. एका लग्नाच्या पंगतीत मी त्याच्या शेजारी सापडलो. त्याने मठ्ठ्याचा पेला आपलं यान म्हणून ताटाच्या अलीकडे ठेवला आणि जिलबी शत्रू म्हणून पलीकडे सरकवली.

“मध्ये 3 लाख किलोमीटर. प्रकाशाला 1 सेकंद. म्हणजे ही जिलबी तुम्हाला दिसते ती 1 सेकंदापूर्वीची. आत्ता कुठे आहे, देव जाणे. तुम्ही लेझर मारला, तो पोचायला आणखी 1. झाले 2 सेकंद. तेवढ्यात शत्रूने नुसतं 1 जीने, म्हणजे माळ्यावरून पडणाऱ्या पातेल्याची वेगवाढ असते तेवढ्याने, बाजूला सरकायचं ठरवलं. किती सरकेल?”

“किती?”

“20 मीटर. एवढ्या मोठ्या यानाला 20 मीटर म्हणजे कूस बदलणं. लागणार! पण आता अंतर 10 पट करा.” जिलबी शेजारच्या आजोबांच्या ताटात गेली. “जायला-यायला 20 सेकंद. आता किती सरकेल?”

“200 मीटर,” मी म्हणालो.

“वर्ग आहे हो, वर्ग! वेळेचा वर्ग! 2 किलोमीटर! तुम्ही कितीही नेम धरा, तुम्ही मारणार ते तो जिथे होता तिथे.” आजोबांनी शत्रू खाऊन टाकला होता. वाढप्याने आमच्या यानात मठ्ठा ओतला.

लेझरची रेघ अवकाशात बाजूने दिसायचीच नाही, कारण उजेड विखुरायला तिथे हवा नाही, धूळ नाही, हेही तो सांगतो, पण ते आता शाळेतली मुलंही सांगतात म्हणून त्यात त्याला गोडी उरलेली नाही. गोडी आहे ती किरण पसरण्यात. 1 मीटरच्या आरशातून हिरवा लेझर सोडला तर 1,000 किलोमीटरवर त्याचा ठिपका सव्वा मीटरचा होतो. चंद्राइतक्या अंतरावर जवळजवळ अर्ध्या किलोमीटरचा. अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर न्यू मेक्सिकोतल्या साडेतीन मीटरच्या दुर्बिणीतून लेझर मारतात, तो आपल्या वातावरणातून जाताना फिसकटून चंद्रावर सुमारे 2 किलोमीटर पसरतो. “एवढ्या लांबून शत्रूला मारायचा म्हणजे तो शेकायचा,” पल्लेदार म्हणतो.

आता खुद्द याच्या नेमाविषयी. दुसऱ्या मजल्यावर राहतो. खाली पाहुणा आला की किल्ली रुमालात बांधून गॅलरीतून टाकायची, हा पुण्यातला जुना रिवाज आहे आणि दहा वर्षांच्या मुलीलाही जमतो. त्याने टाकलेली किल्ली आजवर जास्वंदीत गेली आहे, तळमजल्यावरच्यांच्या वाळवणात गेली आहे आणि एकदा उघड्या टपाच्या चालत्या टेंपोत पडून चाकणच्या दिशेने गेली आहे. त्या दिवशी कुलूपवाला येईपर्यंत पाहुणे जिन्यात बसले होते आणि हा त्यांना सांगत होता, “हवेचा अडथळा. अवकाशात चुकली नसती.”

यामुळेच असेल, नेम चुकणाऱ्यांबद्दल त्याच्या मनात एक हळवा कोपरा आहे. ‘स्टार वॉर्स’मधले पांढऱ्या चिलखतातले स्टॉर्मट्रूपर ही जगभरातल्या विनोदाची हक्काची गिऱ्हाइकं. गोळ्या शेकड्याने झाडतात आणि नायकाच्या केसाला धक्का लागत नाही. त्यांना कुणी हसलं की पल्लेदार वकिली पत्करतो. पहिल्याच सिनेमात ओबी-वान केनोबी त्यांच्या अचूकतेची तारीफ करतो की नाही? आणि डेथ स्टारवरून नायक निसटतात तेव्हा त्यांना मुद्दाम सोडलेलं असतं. यानात माग काढणारं यंत्र लपवलेलं असतं, खुद्द राजकन्या लेया म्हणते की आपल्याला जाऊ दिलंय. “म्हणजे हुकूम होता, चुकवा! इतक्या जवळून, इतक्या गोळ्या, आणि एकही लागू द्यायची नाही. याला नेम लागतो, साहेब.” शिवाय खऱ्या युद्धांत तरी काय होतं? 1916च्या जटलंडच्या आरमारी लढाईत दोन्ही बाजूंच्या मोठ्या तोफांचे शंभरातले तीनच्या आसपास गोळे लागले. बाकीचे समुद्रात. हा आकडा सांगताना त्याला किल्ली आठवत असावी.

आणि सल्यूत-3. हा त्याचा सगळ्यात कोवळा विषय. 1974 साली रशियनांनी सोडलेल्या या लष्करी अवकाशस्थानकाच्या पोटाला खरीखुरी 23 मिलिमीटरची तोफ बसवली होती. ती घट्ट बसवलेली, वळायची नाही. नेम धरायचा तर अख्खं स्थानक फिरवायचं. अंतराळवीर वर असताना ती झाडायची कुणाची छाती झाली नाही. जानेवारी 1975मध्ये, स्थानक रिकामं असताना, जमिनीवरून हुकूम देऊन ती उडवली आणि विषय संपला. “हॉलिवूडने इतकी वर्षं लाखो गोळ्या झाडल्या,” पल्लेदार म्हणतो, “आणि माणसाने तिथे खरी तोफ उडवली ती अशी. समोर कोणी नाही, मागे कोणी नाही.” मग थोडा वेळ तो नुसताच बडीशेप चघळतो.

पण त्याचा स्वतःचा असा जो सिद्धांत आहे, तो जन्मला 2020च्या टाळेबंदीत, दूरदर्शनने रामानंद सागर यांचं ‘रामायण’ पुन्हा दाखवलं तेव्हा. 1987-88 साली रविवारी सकाळी शाळकरी वयात हात जोडून पाहिलेली मालिका त्याने या वेळी पट्टी घेऊन पाहिली. इकडून बाण सुटतो, तिकडून बाण सुटतो, दोन्ही सावकाश, जणू पत्ता विचारत पुढे येतात आणि मधोमध टोकाला टोक भिडवतात. एकही चुकत नाही. घरातली म्हातारी माणसं नमस्कार करत होती आणि हा वहीत टक्केवारी लिहीत होता. शंभर. पुन्हा शंभर. “जगातल्या कुठल्याही अवकाशपटात इतकी अचूकता नाही,” त्याने जाहीर केलं. “आणि नुसतं शत्रूला मारणं नाही, त्याचं अस्त्र वाटेत पाडणं! याला आज देशोदेशी अब्जावधी खर्च करतात.”

हसू नका. 27 मार्च 2019ला पंतप्रधान देशाशी बोलणार अशी बातमी आली, तेव्हा नोटाबंदी आठवून निम्मी सोसायटी एटीएमच्या रांगेच्या हिशेबात पडली होती. निघालं वेगळंच. ‘मिशन शक्ती’त आपल्या शास्त्रज्ञांनी सुमारे 300 किलोमीटर उंचीवरचा, सेकंदाला 7 किलोमीटरहून जास्त वेगाने धावणारा आपलाच उपग्रह क्षेपणास्त्राने नुसत्या टकरीने फोडला. सोसायटीला हायसं वाटलं ते पाचशेची नोट शाबूत राहिली म्हणून. एकट्या पल्लेदाराने पेढे वाटले. पुढच्या वर्षी ‘रामायण’ पाहताना त्याला तेच आठवलं, आणि बाणाला बाण भिडला की तो सोफ्यावरून ओरडायचा, “टक्कर! स्फोटकंसुद्धा नाहीत!”

त्याच्याच इमारतीत पाषाणच्या शस्त्रसंशोधन संस्थेतून निवृत्त झालेले एक आजोबा राहतात. ज्या पिनाकचा पल्ला हा टीव्हीवर ओरडून सांगतो, ते त्याच संस्थेत घडलं. सकाळी बागेत पल्लेदार त्यांना गाठतो आणि तोफांच्या गप्पा काढतो. आजोबा गवारीची पिशवी या हातातून त्या हातात घेतात. फार आग्रह झाला की म्हणतात, “पल्ला ना? वाऱ्यावर असतं ते,” आणि भाव कुठे कमी आहे ते सांगतात. पल्लेदाराच्या मते आजोबांना गुप्ततेची शपथ आहे. माझ्या मते त्यांना गवार आवडते.

गेल्या दिवाळीत त्याच्या पुतण्याने त्याला ‘द एक्स्पान्स’ ही मालिका लावून दिली. इथे यानं विमानासारखी वळत नाहीत, थांबायचं तर उलटं फिरून इंजिन चालवतात. क्षेपणास्त्रं लांबून सुटतात, यायला वेळ घेतात. ती पाडायला जवळच्या पल्ल्याच्या भराभर गोळ्या झाडणाऱ्या तोफा असतात. लढाई सुरू होण्याआधी लोक पट्टे आवळून वाट पाहत बसतात. पहिल्या दिवशी पल्लेदार पट्टी मांडीवर ठेवून बसला. दुसऱ्या दिवशी पट्टी कंपासपेटीत परत गेली. तिसऱ्या दिवशी तो काहीच बोलेना. जेवणही कमी झालं. वहिनी मला फोनवर म्हणाल्या, “भावजी, जरा येऊन जा. हे दोन दिवस गप्प टीव्ही बघतायत.”

मी गेलो तेव्हा पडद्यावर एक यान मंगळाकडून गुरूच्या बाजूला निघालं होतं, इंजिन पेटलेलं, दिवसरात्र पेटलेलंच. पल्लेदार त्याच्याकडे टक लावून बसला होता. एकदम त्याची पाठ ताठ झाली. चेहऱ्यावर रक्त आलं. हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला.

“सगळं मान्य,” तो पुतण्याला म्हणाला, “पण मला सांग, हिचं अ‍ॅव्हरेज काय?”

“म्हणजे काय, काका?”

“टाकी केवढी, आणि देते किती? कागद आण. अगं, चहा टाक! भावजी आलेत.”