बचतीची जोखमी हुंडी

विमानप्रवासाचे सगळे टप्पे एकाच तिकिटावर न घेता प्रत्येक टप्प्यासाठी निराळ्या कंपनीचे निराळे तिकीट काढायचे आणि एकूण भाड्यात काही हजार रुपये वाचवायचे, ही जी विद्या अलीकडे भारतीय मध्यमवर्गात रुजली आहे, तिच्या अभ्यासकाने सुरतेखेरीज अन्यत्र जाण्याचे कारण नाही. या शहरात पैसा आहे, परदेशी जाण्याची निकड आहे, काटकसरीला धर्माचरणाचे स्थान आहे आणि परदेशी जाणारी विमाने मात्र बेताचीच आहेत. शारजाचे उड्डाण 2019 मध्ये सुरू झाले, डिसेंबर 2023 मध्ये विमानतळाला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला आणि पुढे दुबई व बँकॉकही जोडले गेले. डिसेंबर 2024 मध्ये बँकॉकच्या पहिल्याच उड्डाणात दारूबंदीच्या राज्यातील प्रवाशांनी विमानातील मद्य संपवून टाकल्याची बातमी देशभर पसरली. ती कितपत खरी हा प्रश्न गौण असून, थेट विमानाचे सुरतकरांना केवढे अप्रूप आहे याचा दाखला म्हणूनच तिच्याकडे पाहावे. लंडन, टोरांटो किंवा हिऱ्यांच्या व्यापाराचे अँटवर्प गाठायचे तर मुंबई, अहमदाबाद किंवा आखाती देश यांपैकी कोठेतरी उतरून पुन्हा चढणे भाग असते, आणि या उतरण्या-चढण्याच्या फटीतच बचतीचा शोध लागतो.

या शोधाचे मर्म कळण्यासाठी ‘पीएनआर’ ही संज्ञा आधी समजून घेतली पाहिजे. प्रवासाचे आरक्षण झाले की विमान कंपनीच्या संगणकात त्याची जी नोंद होते, तिच्या सहा अक्षर-अंकांच्या खुणेला पीएनआर म्हणतात. मुंबई, दुबई आणि ब्रसेल्स हे टप्पे एकाच तिकिटावर असले, तर तो एकच प्रवास ठरतो, आणि पहिले विमान रखडल्यामुळे दुसरे चुकले तर प्रवाशाला पुढच्या विमानात बसवून देणे कंपनीकडे लागते. तिकिटे निराळी असली की दुसऱ्या कंपनीच्या लेखी पहिल्या विमानाला उशीर झालेलाच नसतो; प्रवासी वेळेवर काउंटरवर आला नाही एवढेच तिला दिसते, आणि अशा गैरहजर माणसाला ती ‘नो-शो’ ठरवते. त्याचे जाण्याचे भाडे तर बहुधा बुडतेच, शिवाय त्याच तिकिटावर परतीचा टप्पा असल्यास तोही रद्द होतो, कारण तिकिटावरील टप्पे क्रमानेच वापरले पाहिजेत असा दंडक असतो. जो गेलाच नाही त्याला परत कशाला आणायचे, या भूमिकेतील तर्कशुद्धता वाखाणण्याजोगी आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांतही चुकलेल्या पुढच्या विमानाच्या भरपाईची तरतूद एकाच तिकीट क्रमांकावरील प्रवासापुरती आहे. कर आणि विमानतळाचे शुल्क मात्र नो-शो प्रवाशालाही परत मिळू शकते, अर्थात ते मागण्याचे त्राण त्याच्यात उरले असेल तर.

सामानाची कथा याहून रसाळ आहे. सुरतेतील लिंबायत-डिंडोलीच्या खानदेशी वस्तीतून एखादा मुलगा जर्मनीला शिकायला निघाला की मामा, मेहुणे आणि शेजारचे भाऊ अशी एक समिती मोबाइलभोवती बसते आणि मुंबईपर्यंतचे एक व मुंबईपुढचे दुसरे, अशी दोन तिकिटे जुळवून बारा हजार वाचवल्याचा ठराव एकमताने संमत करते. पुढच्या विमानात 46 किलो सामान चालते म्हणून आई त्या हिशेबाने बिबडे, शेव आणि मसाले भरते. परंतु देशांतर्गत विमानात स्वस्त तिकिटावर साधारणपणे 15 किलोच सामान चालत असल्याने, बचतीचा पहिला हप्ता सुरतेच्या काउंटरवरच ज्वारीच्या बिबड्यांपायी जमा होतो. तेथून सामान जाते ते मुंबईपर्यंतच. ते पट्ट्यावरून उचलायचे, बाहेर पडायचे आणि पुन्हा नव्याने जमा करायचे, आणि पहिले विमान टर्मिनल एकवर उतरले असल्यास सहारच्या टर्मिनल दोनपर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर श्रद्धा ठेवून जायचे. आंतरराष्ट्रीय उड्डाणाचा काउंटर सहसा तासभर आधी बंद होतो, हे या श्रद्धेला ठाऊक नसते. असाच उतरण्याचा मुक्काम दुबईत ठेवला, तर सामान घेण्यासाठी बाहेर पडणे म्हणजे त्या देशात प्रवेश करणे, आणि त्यासाठी व्हिसा लागतो, हे ज्ञान समितीला बहुधा मुलाच्या फोनवरून होते.

वास्तविक जोखमीला किंमत असते हे सुरतेला कोणी शिकवावे अशी स्थिती नव्हती. पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांच्या सागरी व्यापारात जोखमी हुंडी नावाचा एक प्रकार प्रचलित होता: जहाज सुखरूप पोहोचले तरच हुंडीची रक्कम देय होई, ते बुडाले तर पैसे आधी मोजणाऱ्याचेही बुडत, आणि हा धोका पत्करल्याबद्दल त्याचा मोबदला भावातच धरलेला असे. मक्केला जाणारे यात्रेकरू सुरतेच्याच बंदरातून जहाजात बसत, आणि वाऱ्यांचा मोसम येईपर्यंत त्यांना टेकायला जागा लागे. शाहजहानच्या काळात, 1644 मध्ये बांधलेली मुघल सराई ही तशीच उतरण्याची जागा. आज तिच्यात सुरत महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय असून, तिष्ठत बसण्याची तेथील परंपरा खंडित झालेली नाही. ज्या नगरीच्या पेढ्यांना अरबी समुद्रातील वादळाचा भाव काढता येत असे, तेथील प्रवासी आज धुके, संप आणि धावपट्टीची दुरुस्ती यांचा सगळा धोका पदरी घेतो, त्याबद्दल कवडी घेत नाही, आणि याला तो बारा हजारांची बचत म्हणतो. एका तिकिटाच्या वाढीव भाड्यात जो विमा दडलेला असतो, तो काढून टाकून हा गृहस्थ स्वतःच विमा कंपनी झालेला असतो. फक्त हप्ता भरणारे गिऱ्हाईक तिला नसते. 2012 मध्ये चेक प्रजासत्ताकातील ब्र्नो शहरात सुरू झालेल्या आणि पुढे किवी डॉट कॉम म्हणून ओळखल्या गेलेल्या कंपनीने परस्परांशी करार नसलेल्या कंपन्यांची उड्डाणे सांधून विकण्याचा मोठा धंदा उभारला, आणि चुकलेल्या विमानाची हमी हे तेथेही पैसे देऊन घ्यायचे निराळे कलम आहे. ब्र्नोच्या लोकांना जोखमी हुंडी कळली, असे म्हणता येईल.

मराठी वाचकाला सुरत ठाऊक असते ती 1664 आणि 1670 च्या दोन लुटींमुळे. तिसरी लूट ओटीपी टाकून सुरतकर स्वहस्ते करवून घेत असल्याने तिची बखर कोणी लिहिलेली नाही. तुकड्यातुकड्यांचा प्रवास सुरतेत उतरूनही निर्विघ्न पार पडल्याचे एक ठळक उदाहरण मात्र महाराष्ट्राच्याच इतिहासात सापडते. जून 2022 मध्ये शिवसेनेचे काही बंडखोर आमदार रातोरात रस्त्याने सुरतेस आले, तेथून विमानाने गुवाहाटीस, तेथून गोव्यास आणि अखेरीस मुंबईस पोहोचले. एका आमदारांनी सुरतेहूनच माघारीची वाट धरली, तो अपवाद वगळता या मार्गावर कोणाचे विमान चुकल्याची नोंद नाही. या यशाचे शास्त्रीय कारण असे, की खास भाड्याने घेतलेले विमान प्रवाशासाठी थांबते. लिंबायतच्या समितीने हा पर्याय अद्याप विचारात घेतलेला दिसत नाही.

हिऱ्याच्या दलालांत आणि कारखानदारांत ही काटकसर विशेष पाहण्यासारखी आहे. 17 डिसेंबर 2023 रोजी खजोद येथे उद्घाटन झालेली सुरत डायमंड बोर्सची इमारत क्षेत्रफळात पेंटागॉनपेक्षा मोठी आहे, आणि तिच्यासारख्या बाजारातून अँटवर्पला निघणारे पाकीट सुरक्षा-वाहतूक कंपनीच्या ताब्यात, दारापासून दारापर्यंतच्या विम्यासह आणि एकाच एअरवे बिलावर, म्हणजे हवाई मालवाहतुकीच्या एकाच पावतीवर, जाते. त्या पाकिटासाठी विमा कंपन्यांचे दर ताडून पाहणारा मालक स्वतः मात्र फ्लाईंग रानी या रेल्वेगाडीने बोरिवलीला उतरतो, टॅक्सीवाल्याशी घासाघीस करून विमानतळ गाठतो, दुबईत एक आणि इस्तंबूलमध्ये दुसरे विमान बदलतो आणि तीन पीएनआर एका लिफाफ्याच्या मागे लिहून ठेवतो. आणि अँटवर्पच्या कार्यालयात पाकीट पोहोचल्याची सही झाल्यावरही, साहेब सध्या कोणत्या विमानतळावर आहेत याची विचारपूस तेथील कारकुनाला बराच वेळ करत बसावी लागते.